कीथच्या वाटणीचे चिप्स

मयूराला मी बेसबॉल बघायला नेलं ते बेसबॉलसाठी नाही. मला तिला माणसं दाखवायची होती.

तुम्ही म्हणाल, माणसं काय दाखवायची? पण तुम्ही मेलबर्नच्या टोकाला, वेरिबीत राहत नाही. मी इथे स्टुडंट म्हणून आलो, चिकटलो, पीआर मिळवून कायमचा झालो आणि सिटीतल्या एका कॉलेजात चौकशीच्या खिडकीवर बसायला लागलो. (कॉलेज म्हणजे एका बिल्डिंगचे दोन मजले. खाली नूडल्स.) त्या वर्षी विद्यार्थ्यांचा एवढा लोंढा आला होता की लिफ्टमध्ये पंजाबी, जिन्यात नेपाळी आणि माझ्या खिडकीसमोर सगळेच. त्यामुळे दिवसभर माणसं बघून मी कंटाळायचो, आणि मयूरा घरी माणूस बघायला तरसायची. ती लग्न करून साताऱ्याहून आली त्याला पाच महिने झाले होते. येत्या गुरुवारी ती भावाच्या लग्नाला जाणार होती आणि तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "परत यायचं की नाही ते मी तिकडे गेल्यावर ठरवीन. आत्ता मला विचारू नकोस."

तिचंही खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत मंगळवारी सकाळी कचऱ्याचे डबे घरांबाहेर उभे असतात आणि संध्याकाळी नसतात. ते ओढणारा माणूस तिला कधीच दिसला नाही. गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. गाडीत कोण होतं ते कळत नाही. आवाज काय तो कावळ्यांचा. इथल्या कावळ्यांचे डोळे पांढरे असतात आणि ते काव काव करत नाहीत, तान्ह्या पोरासारखे लांब गळा काढून रडतात. पहिल्या दिवशी मयूरा बाळ शोधायला चपला घालून बाहेर गेली होती.

"यतिन," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "इथे माणूस मेला ना, तर पिंडाला कावळासुद्धा शिवायचा नाही."

"मग पीआर होईपर्यंत तरी मरू नकोस," मी म्हणालो. (हा विनोद होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.)

तर अशा परिस्थितीत कॉलेजनं नव्या विद्यार्थ्यांना रविवारी दुपारी बेसबॉलला न्यायचं ठरवलं, दोघांना ऐन वेळी शिफ्ट लागली आणि दोन तिकिटं उरली. मी ती खिशात घातली. स्टेडियम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे शिट्ट्या, धक्काबुक्की, भेळ. म्हटलं, बघ मयूरा, किती माणसं. मग जाशील का?

मयूरानं मोठ्या उत्साहानं थालीपिठं केली. गेटवर बोर्ड होता, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. मी इमानदारीत परत जाऊन डबा गाडीत ठेवून आलो. गेटवरच्या मुलीनं आमच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. आमच्या पुढचा माणूस अख्खी कोंबडी घेऊन आत गेला.

आत स्टेडियम नव्हतंच. शाळेच्या स्नेहसंमेलनाला असतात तेवढ्या खुर्च्या, आणि त्यातही लोक असे विखरून बसलेले की कुणाचा कुणाशी संबंध नसावा. विद्यार्थी तिसऱ्या मिनिटाला फोन चार्ज करायला कुठेतरी गायब झाले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, आकाश ताकासारखं पांढरं, आणि मैदानाच्या मधोमध एक माणूस काहीतरी चघळत उभा. सगळे गप्प बसून त्याच्याकडे बघत होते.

"हे कशाची वाट बघतायत?" मयूरानं हळूच विचारलं.

"बॉलची."

"बॉल तर त्याच्याच हातात आहे."

तेवढ्यात 'ठक्' असा आवाज झाला, सगळे एकदम उठले आणि काही न बोलता एकदम बसले. मयूरानं माझा दंड धरला. प्रेमानं नव्हे.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक विटकी टोपी होती आणि टोपीपुढे गरमागरम चिप्सचा मोठा डबा. (इथे चिप्स म्हणजे वेफर्स नव्हेत, बटाट्याचे जाड तळलेले तुकडे.) माणूस नव्हता. मी म्हटलं, आहे, आपल्यासारखा रुमाल टाकून जागा धरणारा इथेही आहे. जरा बरं वाटलं. पण मग एक म्हातारा जाता जाता थांबला, टोपीच्या टोकाला बोट लावून "गुड डे, कीथ," म्हणाला आणि पुढे गेला. मग एक बाई. "हॉट एनफ फॉर यू, कीथ?" खुर्ची काही बोलली नाही.

"यतिन, ते कुणाशी बोलले?"

"कानात ब्लूटूथ असेल."

"दोघांच्या? आणि दोघांना कीथचाच फोन?"

मयूरानं आणखी एक गोष्ट दाखवली. मैदानावर सीगल्सनी नुसता उच्छाद मांडला होता. समोरच्या मुलीचं सॉसेज त्यांनी थेट तोंडातून नेलं. पण या डब्याजवळ एकही येत नव्हता. डब्याभोवती गोल सोडून चालत होते, आपण शेणाचा पो चुकवतो तसे. आणि मागच्या कुंपणावर कावळे ओळीनं बसले होते. पांढरे डोळे, सगळे चिप्सवर.

"मला हे बरं दिसत नाही," मयूरा म्हणाली आणि तोंडावर पाणी मारायला गेली.

मी एकटा उरलो. एकाएकी वारा पडला. मेलबर्नमध्ये हवा बदलायच्या आधी पडतो तसा, पूर्ण. झेंडे लोंबले, स्पीकरवरचा माणूस वाक्य अर्ध्यावर टाकून थांबला. आणि त्या शांततेत चिप्सचा वास आला. त्यावर व्हिनेगर होतं हो. माझी थालीपिठं पार्किंगमध्ये शिजत होती, सकाळपासून पोटात एक चहा. मी एक घेतला. एकच. मग ऊन डोळ्यांवर यायला लागलं आणि कीथची खुर्ची सावलीत होती, म्हणून सरकलो. टोपी खाली पडू नये म्हणून ती डोक्यावर ठेवली. (प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी अगदी समंजसपणाचं होतं.) मग डबा मांडीवर घेतला.

अर्ध्याहून जास्त संपवल्यावर कावळे रडायला लागले. आधी एक, मग सगळी ओळ. आजूबाजूचे लोक सावकाश माझ्याकडे वळले. नेमक्या त्याच वेळी तिकडून 'ठक्' झालं आणि तो पांढरा चेंडू मैदान सोडून सरळ माझ्याकडे आला, कानाजवळून गेला आणि खुर्चीच्या पाठीवर दाणकन आपटला. माझ्या तोंडचं पाणी पळालं, तोंडातला चिप तेवढा राहिला.

मागून कप पडल्याचा आवाज आला आणि एक थरथरता आवाज म्हणाला, "कीथ?"

मी वळलो. पांढऱ्या केसांची एक बाई, पायाशी चहाचं थारोळं. मला म्हणायचं होतं, सॉरी. पण बोबडी वळलेली.

"नो," मी म्हणालो, "यतिन."

बाई मटकन खालच्या पायरीवर बसल्या. तेवढ्यात मयूरा आली. तिनं माझ्या डोक्यावरची टोपी बघितली, मांडीवरचा डबा बघितला आणि बाईंचा हात धरून त्यांना पाणी पाजलं. पाच महिन्यांत परक्या माणसाला तिनं पहिल्यांदाच हात लावला होता.

बाईंचं नाव शर्ली. कीथ त्यांचा नवरा. याच खुर्चीवर बसायचा, आणि चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरच्या, म्हणजे या मैदानावरच्या, प्रत्येक मॅचला शर्लीबाई त्याच्यासाठी चिप्स घेऊन ठेवतात, जास्त व्हिनेगरचे.

"पण एक पाखरू त्याला शिवत नाही," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. "इथले सीगल्स तुमच्या तोंडातला घास नेतील. कीथचं कधी नाही. मॅच संपली की मीच कचऱ्यात टाकते. हसतील म्हणून कुणाला बोलले नाही. पण मला वाटतं, त्याचं काहीतरी राहिलंय."

मी डोक्यावरची टोपी हळूच काढून खुर्चीवर ठेवली. मयूरा मात्र अशी सरळ झाली की जणू कुणीतरी तिच्याशी पहिल्यांदा मराठीत बोललं.

"वेड लागलेलं नाहीये तुम्हाला," ती म्हणाली आणि तिनं तिच्या साताऱ्याच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही की समजायचं, जीव कशात तरी अडकलाय. मग घरचं कुणीतरी पुढे होतं आणि मोठ्यानं सांगतं, काळजी करू नका, ते आम्ही बघू. "त्यांचा जीव कशात होता?"

शर्लीबाई हसल्या नाहीत. "हॉस्पिटलात शेवटी सारखं एकच म्हणायचा. शर्ल, मॅचला एकटी बसू नकोस. मी म्हटलं, नो वरीज, डार्ल. आणि चार वर्षं एकटीच बसतेय."

मयूरानं माझ्या मांडीवरचा डबा काढून घेतला. तळाशी एकच चिप होता. (तोही माझ्या नजरेत होता, खोटं कशाला बोलू.) तिनं तो कुंपणाच्या कठड्यावर ठेवला, ओढणी डोक्यावरून घेतली आणि पांढऱ्या डोळ्यांच्या त्या ओळीपुढे हात जोडून स्वच्छ मराठीत म्हणाली,

"कीथकाका, काळजी करू नका. शर्लीमावशींना एकटं बसू देणार नाही. मी आहे."

कावळे गप्प झाले. मग मधला एक सावकाश उडाला, कठड्यावर उतरला, मान वाकडी करून त्यानं मयूराकडे बघितलं आणि तो चिप उचलून गेला. त्याच क्षणी दक्षिणेचा गार वारा सुटला आणि सगळे झेंडे उलटे फिरले. शर्लीबाई मयूराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, आणि मयूराही रडली, पाच महिन्यांचं सगळं.

मी मात्र एकाच शब्दापाशी अडकलो होतो. मी आहे, म्हणाली. आहे.

गाडीत मी धीर करून विचारलं, "मग गुरुवारचं?"

"जाणार. लग्न आहे दादाचं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण पुढच्या मॅचच्या आत यायला हवं. मेलेल्या माणसाला शब्द दिलाय."

मी पाच महिने विनवण्या केल्या, दोनदा मोदक करून बघितले, आणि बायको राहिली ती कीथसाठी. राहिली हे महत्त्वाचं. मी तक्रार करत नाही.

रात्री तिनं आईला फोन केला. "आई, इथेही शिवतो गं कावळा. हो, लगेच. नाही, आधी यांनी खाल्लं होतं." पलीकडून एक मोठा उसासा ऐकू आला. सासूबाईंना माझ्याबद्दल असं काहीतरी आधीपासूनच वाटत असावं.

आता घरची मॅच असली की मयूरा आणि शर्लीबाई कीथच्या दोन बाजूंना बसतात आणि तिसऱ्या बॉललाच हसायला लागतात. खेळ मयूराला कळतो, मला अजून नाही. चिप्स कठड्यावर ठेवले की कावळे येतात. फक्त मी असलो तर येत नाहीत. इथले कावळे माणसाचा चेहरा विसरत नाहीत म्हणे. दोन मॅच वाट बघितली, मग शर्लीबाईंनीच अतिशय प्रेमानं सुचवलं, "यतिन, मेट, तू जरा गाडीत बसतोस का?"

म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून थालीपीठ खातो. बॉनेटवर एक पांढऱ्या डोळ्यांचा कावळा येऊन बसतो आणि काचेतून माझ्याकडे बघत राहतो. आधी मी काच खाली करून अर्धं थालीपीठ बाहेर ठेवतो, आणि त्यानं शिवल्यावर मग जेवतो.