इचारलंच न्हाई, तर दडवलं कसं?

सोपानआबा तुम्हाला तांदूळ विकतील, पण आधी त्या तांदळाची पुरती बदनामी करतील. मी वडिवळ्याच्या शाळेत बदलून आले, तेव्हा पहिल्याच खरेदीला त्यांनी ऐकवलं, "बाई, आधीच सांगून ठेवतो. खडा निघंल. कणी लय हाय. अन् वास म्हणाल तर गेल्या सालच्यावानी न्हाई." मी घरी जाऊन भात टाकला, तर वासावरून शेजारीण विचारत आली, आज पाहुणे कोण आलेत म्हणून.

हा सोस तांदळापुरता असता तर चाललं असतं. एसटीत चढताना आबा कंडक्टरला बजावतात की आपल्याला वळणावर मळमळतं. पुतणीला बघायला कामशेतचे पाहुणे आले, तर चहा यायच्या आत आबा म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पण घोरती. मागनं म्हनू नका." घरच्यांचे चेहरे उतरले. तेवढ्यात मुलाचे वडील स्वतःच्या बायकोकडे बघून खो खो हसत सुटले आणि लग्न जमलं.

हे खूळ जन्मजात नव्हे. त्यांच्या पत्नीचं, हिरामावशींचं, लोणावळ्यात पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. विमा होता, पण कंपनीने क्लेम नाकारला. का, तर पूर्वी कधीतरी चक्कर आली म्हणून मावशींनी आरोग्य केंद्रातून गोळ्या घेतल्या होत्या आणि ते 'दडवलं' होतं. फॉर्ममध्ये चक्करेचा प्रश्नच नव्हता.

"इचारलंच न्हाई, तर दडवलं कसं?" आबांनी वकिलांना गाठलं. वकील म्हणाले, नियम जुना आहे, जहाजांच्या विम्याच्या काळातला. न विचारलेलंही आपणच सांगायचं.

"आमच्या धरणात कंच्या सायबाचं जहाज बुडालंय?" आबा म्हणाले.

पैशांवर त्यांनी पाणी सोडलं. पण 'दडवलं' हा शब्द मावशींच्या जिवाला लागला होता. त्यात कुणीतरी गमतीत विचारलं, "मावशी, अजून काय दडवलंय?" तेव्हापासून त्या बायकांत बसेनाशा झाल्या. एकमेकींच्या खाचरांत भात लावायला सगळ्या जमतात, तिथंही जाईनात.

म्हणून आबांनी ग्रामसभेत ठराव आणला. सरकारने विम्याचा कायदा बदलावा, कंपनीने हवं ते साध्या मराठीत विचारावं आणि न विचारलेल्यावरून क्लेम नाकारू नये. शुद्धलेखन माझं. सभेत आधी नळाचा विषय झाला, मग गटाराचा, मग हा ठराव.

सरपंच हसले. "आबा, दिल्लीचा कायदा हितं बदलायचा?"

"कुटंतरी सुरुवात कराया लागंल." आबा बायकांकडे वळले. "भात लावताना जिला कधी चक्कर आली आसंल, तिनं हात वर करा."

दिवसभर चिखलात वाकल्यावर कुणाला येत नाही? पहिला हात सरपंचांच्या आईचा वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे.

"मंग ह्या समद्या लबाड व्हय?" आबांचा आवाज फाटला. "माजी बायकोच तेवढी लबाड?"

मावशी आबांच्या आग्रहाने आल्या होत्या, पण दारापाशी एकट्याच बसल्या होत्या. सरपंचांच्या आईने मागे वळून हाक मारली, "हिरे, तुजा हात कुटं हाय गं? आन् तितं काय बसलीस, हितं ये."

मावशी उठल्या. बायकांनी सरकून जागा केली. तिथं बसून त्यांनी हात वर केला.

सरपंचांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. आबांना ते ऐकू गेलं नसावं. ते मावशींकडे बघत उभे होते, आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.