सुगरणीचा माल

"सुगरणीला चोचीनं जमतंय, ते माझ्या कॉम्प्युटरला जमणार नाही व्हय?" उत्कर्षानं अख्ख्या कॉलेजला ठणकावलं होतं!

सोलापुरातल्या त्या वास्तुकलेच्या कॉलेजात स्पर्धा होती: निसर्गाकडून शिकून सावली उभी करा. जिंकेल त्याचा मांडव बसथांब्यावर कायमचा! उत्कर्षानं कॉलेजच्या विहिरीवरच्या बाभळीतले खोपे निरखले, त्यांचा एकेक पीळ कॉम्प्युटरात घातला आणि बांबूंवर विणायचं छत आखलं. विणायला उसाची हिरवी पानं. अकलूजचा कुंडलिकमामा टेम्पो भरून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन हजर!

"मामा, हे मांडवाला पुरेल."

"मांडव? लगीन ठरलं व्हय तुजं? आन् मला आत्ता सांगतीस!"

ती समजावेपर्यंत मामाचा फोन मामीला गेलासुद्धा. रात्रीपर्यंत निम्मं अकलूज तिचं अभिनंदन करत होतं!

सकाळी परीक्षक चन्नम्मा मॅडम रातोरात विहिरीकाठी विणलेल्या मांडवाखाली ऐटीत बसल्या. इतक्यात त्यांच्या नाकावर उन्हाचा कवडसा पडला.

"हे भोक कशासाठी?"

"हवा खेळायला, मॅडम!"

मॅडमनी खुर्ची सरकवली. कवडसा कपाळावर!

"आणि हे?"

"उजेडाला..."

तिसरं भोक पडलं तेव्हा उत्कर्षानं वर पाहिलं. पिवळ्या डोक्याचे सुगरण पक्षी पानांच्या पट्ट्या सर्रकन सोलून बाभळीकडं पळवत होते! खोपे बांधायचा हंगाम, त्यात घराशेजारी आयता माल! कोण सोडतंय?

"हाड हाड!" मामा उपरणं फिरवत धावला. उपरणं बांबूत अडकलं, त्यानं हिसका दिला आणि उरलंसुरलं छत मॅडमच्या अंगावर! पानांच्या ढिगातून नुसता चष्मा दिसत होता.

उत्कर्षा पानं उपसायला धावली. तोच ढीग गदगदा हलायला लागला. मॅडम हसत होत्या!

"बसथांबा विसर, पोरी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण पाखरांनी तुझा माल पसंत केलाय. उत्तेजनार्थ बक्षीस घे!"

संध्याकाळी मांडवाचे नुसते बांबू उरले आणि बाभळीला अर्धे विणलेले हिरवेगार खोपे झुलायला लागले. उत्कर्षा खुळ्यासारखी हसत बघत बसली. तेवढ्यात एक पिवळं डोकं बांबूवर येऊन तिच्याकडं बघत चिवचिवाट करायला लागलं.

"काय म्हणतंय गं?" मामानं विचारलं.

"उद्या माल लवकर आणा म्हणतोय!"