खवलोजी रांगेत उभे राहतात

एका जंगलात एकदा युद्ध संपलं, आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

कारण, मुलांनो, युद्ध चालू असताना सगळं सोपं होतं. नदीकाठच्या रानातून रानकुत्र्यांच्या झुंडी यायच्या. सिंह टेकडीवर उभा राहून डरकाळी फोडायचा. ती ऐकली की सशाच्याही अंगात बळ यायचं. शेवटी रानकुत्रे हरले. सिंहानं आणखी एक डरकाळी फोडली. प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपापल्या जखमा चाटत बसले.

प्रधान निवडायची वेळ आली. सिंहाला वाटलं, आपल्याशिवाय आहे कोण? प्राण्यांनी निवडलं खवलोजींना.

खवलोजी म्हणजे खवल्या मांजर. खाली मान घालून चालायचे, मुंग्या खायचे. भाषणाला उभं केलं तर "बरं" म्हणायचे आणि खाली बसायचे. पण या गृहस्थांनी दोन कामं केली.

पहिलं काम उंबराखाली. त्याआधी पायात काटा रुतला की भल्लूकनाथ नावाच्या वैद्य अस्वलाकडे मधाचं पोळं घेऊन जावं लागे. पोळं नसलं तर काटा तसाच राही आणि पाय सडे. खवलोजी म्हणाले, "ज्याला दुखतंय त्यानं उंबराखाली यावं. काही आणू नये."

भल्लूकनाथ खवळले. "फुकट काटे काढले तर वैद्याला विचारील कोण?"

खवलोजींनी त्यांच्या गुहेत वर्षभराचा मध भरून दिला. त्यानंतर भल्लूकनाथांचं तोंड उघडेना. मध फार घट्ट होता.

दुसरं काम दूरच्या आमराईचं. ती जंगलानं आजे-पणज्यांच्या काळात बळकावलेली होती. खवलोजी म्हणाले, "ज्यांची आहे त्यांना देऊन टाका." किती चांगलं, नाही का? पण आमराईतल्यांचं आपसांत पटेना. "मग दोन भाग करा," खवलोजी म्हणाले, "आणि लवकर करा." आमराई कधी न पाहिलेल्या एका बगळ्याला तिकडे धाडलं. बगळ्यानं चोचीनं एक रेघ ओढली आणि तो उडून गेला. रेघेच्या दोन्ही बाजूंना पुढे जे झालं, ते मुलांना सांगण्यासारखं नाही.

मग निवडणूक आली आणि खवलोजी पडले. सिंह परत आला. खवलोजी आपल्या वारुळांकडे निघून गेले.

बरीच वर्षं गेली. एक दिवस वारूळ उकरताना म्हाताऱ्या खवलोजींच्या पंज्यात बाभळीचा काटा रुतला. काही केल्या निघेना. लंगडत लंगडत ते उंबराखाली आले आणि रांगेत उभे राहिले.

रांग लांबलचक होती. "सकाळपासून ताटकळतोय," मागचं रानडुक्कर कुरकुरलं. "काय हा कारभार!"

"वनराज असते तर असं झालं नसतं," सायाळ म्हणाली. "त्यांनीच सुरू केलं ना हे सगळं."

"त्यांनी?" खवलोजींनी विचारलं.

"मग कुणी? युद्ध कुणी जिंकलं?"

उंबराच्या बुंध्यावर एक पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'संस्थापक : वैद्यराज भल्लूकनाथ'.

खवलोजींना वाईट वाटलं नाही. उलट थोडी गंमतच वाटली. रांगेत एकाच्याही हातात मधाचं पोळं नव्हतं. पूर्वी ते आणावं लागायचं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आणखी काय हवं, असं मनाशी म्हणत ते एक पाऊल पुढे सरकले.

त्यांच्या पुढे एक म्हातारी खार होती. तिच्या शेपटीचे केस झडले होते. ती मागे वळली. "अहो आजोबा, रक्त येतंय तुमच्या पंज्यातून. माझ्या पुढे या."

"नको. तुम्ही आधी आलात."

"मला नुसते डोळे दाखवायचेत. मी आमराईतली. पाहायचं ते सगळं पाहून झालंय."

खवलोजींचे खवले ताठ झाले. "कुठल्या बाजूच्या?"

"आमच्या वेळी बाजू नव्हती हो. एक दिवस उठलो, तर अंगणात रेघ. धाकटी बहीण पलीकडे आंबे आणायला गेलेली. ती तिकडचीच झाली म्हणे. मग कळलं, तिकडचीही राहिली नाही." खारीनं डोळे पुसले. "सगळे बगळ्याला शिव्या देतात. पण बगळ्याला कुणी तरी धाडलं असेलच ना? त्याला एकदा बघायचंय. नजर जायच्या आत."

खवलोजींना इथं कुणी ओळखत नव्हतं. गप्प राहिले असते तर काहीच बिघडलं नसतं. त्यांनी पंज्याकडे पाहिलं, मग खारीकडे.

"मी धाडलं," ते म्हणाले.

खार जवळ आली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून अगदी नाकाला नाक लागेपर्यंत आली.

"तुम्ही? मला वाटलं होतं, कुणी मोठा असेल."

"नाही."

"इतकी घाई कसली होती?"

खवलोजींनी बराच विचार केला. "इकडचं काम पडून होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी उंबर दाखवला.

खारीनं उंबराकडे पाहिलं. रांगेतल्या एकेका लंगड्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मघाशी पुढे या म्हटलं, ते परत घेते. माझ्या मागेच थांबा."

खवलोजी थांबले. खारीच्या डोळ्यांत औषध घातलं गेलं. मग त्यांचा नंबर लागला, काटा निघाला. कुणी काही मागितलं नाही. ते बाजूला आले, तर खार एका मुळावर बसून होती.

"बसा इथं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं नाव झिपरी होतं. सगळं सांगते. मधे बोलायचं नाही."

खवलोजी बसले. ऊन उतरेपर्यंत ऐकत राहिले.

रांगेत मात्र कुजबुज सुरू झाली होती. "असल्यांचेही काटे फुकट काढतात," रानडुक्कर म्हणालं, "म्हणून तर एवढ्या रांगा लागतात!"

दुसऱ्या दिवशी जंगलभर नक्की झालं. उंबर सिंहाचा, रेघ खवलोजींची.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र आधी काटा काढून घ्यावा, आणि रांगेत आपल्यामागे कुणी नाही ना, हे पाहून घ्यावं.