मुकादमांच्या बंदुकीला मेंदी

मी ठरवलं होतं ते एवढंच, की उरुसाच्या आदल्या दुपारी यांची बंदूक आपण धुवून टाकावी. नवऱ्याचा सदरा धुतो ना, तशी बंदूक. त्यातून पुढे जे झालं त्याला मी कशी जबाबदार? (आहे. पण आधी ऐकून तर घ्या.)

आमचे हे, मिलूदी, गावच्या घोडेस्वार पथकाचे मुकादम. सीदी मसऊदच्या उरुसाला गावोगावची पथकं येतात. पांढरे अंगरखे, कमरेला तलवारी, हातात पणजोबांच्या वेळच्या ठासणीच्या बंदुका. एका ओळीत घोडे फेकायचे, मैदानाच्या टोकाला मुकादमाने हाळी द्यायची आणि सगळ्या बंदुका एकदम उडवायच्या. गोळी नसते, नुसती बारूद. मारायचं कुणालाच नसतं. सगळी इज्जत त्या आवाजात. तो एकच यायला हवा. एखादी बंदूक जरी मागे राहिली, तरी काठावर डोळे मिटून बसलेले म्हातारे माना हलवतात, आणि त्या गावच्या मुलींची लग्नं लांबतात असं म्हणतात. (माझंही लांबलं होतं. म्हणून तर मिलूदी मिळाले.)

लागोपाठ दोन उरूस आमच्या पथकाचा आवाज फाटला. सगळ्या बंदुका धडाड, आणि मागून एक एकटीच, ठो. दुसऱ्या खेपेला काठावरचा एक म्हातारा म्हणाला, "कुणाचं गाढव मागे राहिलं रे?" हे तंबूत आले, फेटा उतरवला आणि पथकासमोर शपथ घेतली, की पुढच्या उरुसात आवाज एक झाला नाही तर खोगीर सोडीन, बंदूक बेनासरच्या हाती देईन आणि घरी बसेन. बेनासर म्हणजे आमचा थोरला, यांच्या उजव्या हाताला घोडा चालवतो. सगळे पुरुष रडले. सगळ्यांत जास्त मी रडले. लोक म्हणाले, काय माया आहे बाईची.

माया कसली डोंबलाची. घोडीने पाडलं तेव्हा हे एक अख्खा हिवाळा पायाला प्लास्टर घालून घरी बसले होते. पहिले काही दिवस झोपले. मग खुर्ची उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणली आणि माझं पथक करायला घेतलं. पातेली उंचीप्रमाणे लागली. रोट्या यांच्या हाळीवर उलटायच्या. चुलीवर तीन ताजिनं, म्हणजे उंच झाकणाची मातीची भांडी, शिजत असली, तर मी, सून रहमा आणि शेजारून मीठ मागायला आलेली बाई, तिघींनी तिन्ही झाकणं एकदम ठेवायची. आवाज एकच यायला हवा. आला नाही तर झाकणं वर, पुन्हा पहिल्यापासून. रहमा माहेरी निघून गेली, ती प्लास्टर निघाल्यावरच परतली. शेजारणीने तेव्हापासून मीठ विकत आणायला सुरुवात केली. मी कुठे जाणार? माझं माहेर त्याच गल्लीत आहे, तिथवर यांची हाळी ऐकू येते.

तेव्हा तुम्हाला कळलं असेल, की त्या उरुसात आवाज एक होणं यांच्यापेक्षा मला जास्त गरजेचं होतं.

यांचं म्हणणं, दोष बंदुकीचा. म्हातारी झाली, घसा बसलाय तिचा. म्हणून तिचे लाड वाढवले. रोज सरावाहून आले की माझी चहाची किटली घ्यायची, उकळतं पाणी नळीत ओतायचं, सडक्या अंड्यांच्या वासाचं काळं पाणी खालून माझ्या पुदिन्यात सोडायचं. (आमच्याकडच्या चहाला लढाईची चव येते, ती त्यामुळे.) मग गजाला फडकं गुंडाळून नळी कोरडी करायची, तेल द्यायचं, आणि घोंगडीत गुंडाळून अंथरुणात घ्यायची, आम्हा दोघांच्या मधे. तलवार मात्र बिचारी खुंटीला. तिच्या मुठीने मी साखरेचा सुळका फोडते. मुठीला पडलेले पोचे हे पाहुण्यांना दाखवतात आणि पणजोबांनी ते कुठल्या लढाईत मिळवले ते सांगतात. मी चहा ओतत राहते.

तर आदल्या दुपारी हे सरावाहून आले, जेवले आणि तोंड उघडं टाकून झोपले. बंदूक दारात तशीच, काळीमिट्ट. बारुदीची काजळी रात्रभर राहिली की लोखंड खाते, एवढं मलाही ठाऊक. म्हटलं, उठवावं? नको, उद्या घोड्यावर बसायचंय, झोपू दे. मीच किटली चढवली. जसं हे करतात तसंच केलं, पाणी, फडकं, तेल, सगळं. इथे थांबले असते तर मी शहाणी म्हणून गावात राहिले असते.

पण सकाळीच मेंदी भिजवली होती, लिंबू-साखर घालून, घट्ट. घोडीच्या कपाळाला लावली, रहमाच्या तळव्यांना लावली. आमच्यात नवरी असो, बाळ असो, नाहीतर घोडी, चार लोकांच्या नजरेसमोर जाणाऱ्याला मेंदी लागतेच. आणि उद्या अख्खा उरूस जिच्याकडे बघणार, ती बंदूक कोरडी? मी तिच्या लाकडी दस्त्याला एक टिकली लावली. छान दिसली. लोखंडावर एक लावली. मग चापाच्या वर, जिथे तो लोखंडी ठोका येऊन आपटतो, तिथे मला एक इवलंसं भोक दिसलं. माझी सासू म्हणायची, दृष्ट भोकातूनच शिरते. कान, नाक, कुलूप, भिंतीचं बीळ. मी म्हटलं, अगं बाई, हेच ते. दोन वर्षं इथूनच शिरली असणार. काडीने मेंदी ठासून ठासून भरली, वरून पुसून साफ केली आणि बंदूक घोंगडीत निजवली.

हे उठले, बंदूक पाहिली, नळीचा वास घेतला. मी बोलणी खायच्या तयारीने उभी. तर म्हणाले, "बरी धुतलीस." अहो, लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या कुठल्या कामाला बरं म्हटलं नव्हतं. मी इतकी हरखले, की मेंदीचं सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आमच्या तंबूबाहेर लायाशी बारूद मोजत बसला होता. लायाशी हा यांचा लहानपणचा दोस्त. गुडघे गेल्यापासून घोड्यावर बसत नाही, पथकाच्या बंदुका तोच भरतो. फक्त मुकादमांची सोडून. यांच्या बंदुकीला कुणी हात लावलेला यांना खपत नाही. यांनी आपली आपण भरली, भोकावर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली आणि घोडीवर चढले. चष्मा घरी. मुकादमाने चष्मा लावला तर घोडी लाजते म्हणे.

पथक मैदानाच्या वरच्या टोकाला निघून गेलं. लायाशी चहा पीत मला सांगू लागला, या पोरांना किती वेळा शिकवलं, भोक आधी सुईने साफ करा म्हणून. "ठिणगी तिथूनच आत जाते, वहिनी. केसाएवढा कचरा असला तरी बंदूक मुकी."

मी विचारलं, "आणि केसापेक्षा जास्त असला तर?"

"म्हणजे काय असला तर?"

तोवर मी पळत होते.

या वयात मी इतकी पळेन असं माझ्या पायांनाही वाटलं नव्हतं. दोरीपाशी पोचले तर घोडे ओळीत उभे. मी डोक्यावरचा रुमाल ओढून हलवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, थांबा, थांबा, अहो थांबा. धाप लागल्यामुळे त्याचं जे काही झालं ते ऐकून शेजारच्या बाईला वाटलं, मी आनंदाने जीभ हलवून साद घालतेय, आमच्यात लग्नात घालतात तशी. तिने तिची सुरू केली. मग दुसरीने. पाहता पाहता दोरीला लागून उभ्या सगळ्या बायकांनी आकाश डोक्यावर घेतलं. तिकडून यांनी बायकोला रुमाल हलवताना पाहिलं, भर मैदानात छातीवर हात ठेवून मला सलाम केला, आणि टाच मारली.

घोडे आले. जमीन हादरली. हे रिकिबीत उभे राहिले, हाळी दिली. मी डोळे मिटून घेतले.

धडाड.

एक. अगदी एकच. काठावरचे म्हातारेसुद्धा उठून उभे राहिले. धूर विरला तेव्हा लोक यांचे पाय धरत होते, हात चुंबत होते, आणि हे घोडीवर बसून आपल्या बंदुकीकडे बघत होते. तिच्या तोंडातून धुराची एक रेषसुद्धा निघालेली नव्हती.

बेनासर आधी तंबूत आला. हसू दाबत होता. "आई, तू काय केलंस?" मी मेंदीचं सांगितलं. तो मटकन गालिच्यावर बसला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूच म्हणाला, "मागून येणारा तो बार बाबांचाच होता गं. हाळी देतात, मग बाकीच्यांनी उडवली का ते ऐकतात, आणि मग स्वतः उडवतात. सगळ्या पथकाला माहीत आहे. सांगणार कोण?"

कोणीच नाही, हे उघड होतं. तेवढ्यात हे आत आले, तंबूचा पडदा सोडला आणि बेनासरला बाहेर पाठवलं.

"यामना, माझी बंदूक उडाली नाही. बोट चाललं नसणार. आवाज एक झाला, पण माझ्याविना झाला." यांनी फेटा उतरवून माझ्या मांडीवर ठेवला. "आता मी घरी बसतो."

माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली ती खुर्ची उभी राहिली. मी म्हटलं, "तुमच्या बोटाला काही झालेलं नाही. मी भोकात मेंदी भरली होती."

मला वाटलं आता तलवार खरोखरच एकदा कामाला येते.  पण यांचा चेहरा असा उजळला, की लग्नातही नव्हता उजळला. "म्हणजे मी चाप वेळेवर ओढला होता?"

"अगदी वेळेवर," मी म्हटलं. (अल्ला माफ करो.)

"बंदुकीचा दोष नाही. माझाही नाही."

"माझा आहे."

"तुझाच आहे," हे आनंदाने म्हणाले आणि फेटा परत डोक्यावर चढवला.

मी सुटले. त्या दिवसापासून यांनी सुई घेतली, आणि धुतल्यावर भोक स्वतः साफ करू लागले. पण रहमाच्या पोटात काही राहत नाही. हमामखान्यात बायका विचारायला लागल्या, काय गं, मुकादमीणबाईंनी बंदुकीला मेंदी लावली आणि आवाज एक झाला, खरं का? मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या पाठीला साबण लावायला तिघी तिघी पुढे येत होत्या, पाणी कोमट हवं की कढत ते विचारत होत्या. मी नुसती डोळे मिटून हसले. मोठी माणसं हसतात तशी.

पुढचा उरूस आला. पथक ओळीत उभं राहिलं. घोडे आले, जमीन हादरली, हे रिकिबीत उभे राहिले, हाळी दिली.

काही नाही. टोप्या तेवढ्या फुटल्या, चुलीत ओलं लाकूड चटचटावं तशा, आणि त्या टापांच्या आवाजात विरूनही गेल्या. आणि मग, ठो. एकच बंदूक उडाली. आमच्या यांची. नेहमीसारखी, जरा उशिरा. पण उशिरा आली हे कळायला आधी दुसरं काहीतरी वाजायला हवं ना? काठावरचे म्हातारे डोळे मिटून बसले होते. त्यांनी माना डोलावल्या. म्हणाले, आवाज लहान होता, पण एक होता.

तंबूत मात्र लायाशी एकेका बंदुकीच्या भोकात सुई घालत होता आणि दर भोकातून केशरी ढेकूळ बाहेर येत होतं. गावातल्या एकाही बायकोने कसर ठेवली नव्हती. पुरुष आधी आपापल्या बायकांकडे बघत राहिले. मग बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग सगळेच.

हे उठून उभे राहिले आणि मुकादमाच्या आवाजात निवाडा दिला. आजपासून पथकातली एकही बंदूक कुणाच्या बायकोच्या घरी राहणार नाही. सगळ्या आमच्याकडे राहतील. रोज संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या चुलीपाशी बसून त्या धुवायच्या, यांच्या डोळ्यांसमोर, यांच्या हाळीवर.

एक पुरुष घरात बसू नये म्हणून मी एवढा खटाटोप केला. आता अख्खं पथक बसतं. दाराशी जोड्यांचा ढीग असतो, किटली कधी थंड होत नाही, आणि पुदिना तर मी बाजारातून आणते. मी संध्याकाळी तबेल्यात जाऊन बसते. घोडी गरीब आहे, काही बोलत नाही. परवा मात्र मी गुडघ्याला लावायला थोडी मेंदी वाटीत घेऊन गेले, तर तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून बाहेर गेली.