सूनबाईला दोनदा औषध

"अंडी सापडली आहेत," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या आणि शिंपीमास्तरांच्या बायकोने आनंदाने फोन छातीशी धरला. पण डॉक्टरीणबाईंचा आवाज खणखणीत होता. पुढचा शब्द पदरातूनही ऐकू आला. "जंतांची!"

मास्तर पुढच्या दुकानात कपडे शिवायचे आणि मागच्या खोलीत बिनविषारी अजगरांची पैदास करायचे. म्हणजे करायचं ठरवलं होतं. जोडी आणून तीन वर्षं झाली तरी सूनबाईने एक अंडं घातलं नव्हतं. सूनबाई म्हणजे जोडीतली मादी. नाव मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनीच ठेवलेलं. यंदा ती खाणंही टाळू लागली, म्हणून मास्तर तिची विष्ठा डबीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासायला देऊन आले होते.

"बघा! जंतांमुळेच पाळणा हलत नव्हता," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मास्तरांनी औषध भरलेल्या दोन सिरिंज आणल्या. एक लगेच द्यायची, दुसरी दोन आठवड्यांनी. सकाळी त्यांनी सूनबाईचं तोंड हलकेच उघडून पहिली दिली, दुसरी फ्रिजच्या दारात नीट उभी करून ठेवली आणि दुकान उघडलं. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं.

दुपारी ते जेवायला आत आले तेव्हा बाई हात धूत होत्या.

"तुमच्या भरवशावर राहिले असते तर झालंच होतं! सिरिंज तशीच फ्रिजमध्ये. शेवटी मीच दिलं औषध."

मास्तर ओरडले, "अगं, मी सकाळीच दिलंय!"

"मग सांगायला काय झालं होतं? गिऱ्हाइकांशी बोलताना बरी तोंडाची टकळी थांबत नाही!"

भांडायलाही वेळ नव्हता. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"सुस्त वाटतेय का?" त्यांनी विचारलं.

मास्तर सूनबाईला ठेवलेल्या डब्यात डोकावले. "पडून आहे."

"नेहमीपेक्षा जास्त?"

"नेहमीही पडूनच असते हो. एरवी तरी ती काय काम करते?"

"अहो, सांगा ना त्यांना," बाई रडकुंडीला आल्या, "माझ्याकडे एकटक बघतेय. डोळासुद्धा मिटत नाहीये!"

"सापांना पापण्या नसतात," पलीकडून उत्तर आलं. "पण घेऊनच या. लगेच."

सूनबाईला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारून दोघं टॅक्सीत बसले.

"उशी घेऊन कुठे निघालात?" चालकाने हसत विचारलं.

"दवाखान्यात," मास्तर म्हणाले आणि उशीने कूस बदलली.

पुढे चालकाने एकही प्रश्न विचारला नाही आणि एकदाही ब्रेक लावला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सूनबाईचं वजन केलं, तोंड पाहिलं, पोट चाचपलं. बाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मास्तर भिंतीवरचं मांजराचं चित्र पाहत होते, कारण टेबलाकडे बघवत नव्हतं.

"घाबरू नका. अंगात पाणी कमी पडू नये म्हणून सलाइन देते. दोन दिवस इथेच राहू दे." मग त्यांनी शेपटीकडची बाजू उलटून पाहिली, एक बारीक सळई घेतली, पुन्हा पाहिलं. "ही मादी आहे असं कोण म्हणालं?"

"विकणारा," मास्तर म्हणाले.

"हा नर आहे."

बाईंनी हळूच विचारलं, "आणि घरी आहे तो?"

त्याचीही तपासणी तिथेच झाली होती, मागच्या वर्षी, दुखऱ्या दाताच्या निमित्ताने. "तोही नरच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असं कसं? एकत्र सोडलं की एकमेकांना वेटोळे घालून तासन्‌तास असायचे!" मास्तर म्हणाले.

"ती कुस्ती होती, मास्तर."

परतताना टॅक्सीत बाई रिकामा अभ्रा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मास्तर म्हणाले, "जंत जातील. मग खरी मादी आणू."

"ते बघू पुढे. आधी दोघांना एकत्र सोडणं बंद करा," बाई म्हणाल्या. "ते बिचारे तीन वर्षं मारामाऱ्या करतायत, आणि आपण त्यांना लाज वाटू नये म्हणून दिवा मालवून, दार ओढून बाहेर उभे!"