नाना सरांची क्रियापदं

आमच्या गल्लीत कुणी ‘नशीब!’ म्हणून सुस्कारा सोडला की नाना सरांचं दार उघडतं. “कोणतं नशीब? क्रियापद सांगा!” आमच्याकडे आधी नशिबाचं इंग्रजी क्रियापद निवडायचं असतं, मग रडायचं.

नाना आमचे शेजारी. धरणगावच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. पोरं सुटली आणि गल्ली सापडली. वादळात माझ्या मेहुण्याची केळीची बाग आडवी झाली, तेव्हा बिचारा माझ्या ओट्यावर डोकं धरून बसला होता. नाना बशीत चहा फुंकत म्हणाले, “याला डूम म्हणू नका. डूम म्हणजे मुळात निवाडा. तुम्ही गुन्हा कुठे केलाय? ऑर्डेनही नाही. त्याचं मूळ ओळीत लावणं. तुमच्या तर ओळीच मोडल्या.” मेहुण्याला एवढा दिलासा मिळाला की तो चहा न घेताच निघून गेला.

डेस्टिन त्यांचं लाडकं. “डेस्टिन म्हणजे घट्ट बांधून टाकणं!” हे ते भर मांडवात नवरदेवाला गाठून सांगतात. हल्ली त्यांना लग्नपत्रिका कमी येतात, तो भाग वेगळा.

फेटचं मूळ मात्र विचारलं की त्यांना अचानक दूध आणायचं असतं.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येऊन झोके घेते, पण तिला आणायला मुराळी जावा लागतो, बहुतेक भाऊच. नानांची एकुलती लेक मीना दोंडाईच्याला असते. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तेव्हा नाना गरजले होते, “या घरात आता लेक नाही!” तेव्हापासून मुराळी गेला नाही आणि मीना आली नाही. तरी दर आखाजीला नाना अंगणातल्या निंबाला झोका बांधतात. कुणासाठी विचारलं तर म्हणतात, “झाडाला व्यायाम.”

यंदा ते झोका बांधत असताना त्यांच्या पत्नी, अक्का, दारातून म्हणाल्या, “रिकामा झोका कितला वरीस देखू? मन्हं नशीबच!”

आता क्रियापद येणार म्हणून मी सावरून बसलो. नानांनी गाठ अर्धवट ठेवली. मग हळूच म्हणाले, “फेट. म्हणजे बोललेलं. देवानं बोललेलं, असं लोक समजतात.” आणि एकदम घरच्या बोलीवर आले, “देव कोठे बोलना, भाऊ? मीच बोलनू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते स्टेशनकडे निघाले. म्हातारा बाप मुराळी झालेला कुणी पाहिला नव्हता. गल्लीनं तोंडावर पदर घेऊन हसून घेतलं. मलाही हसू आलं, पण मागे जाऊन मी विचारलं,

“नाना, तिनं दारच उघडलं नाही तर?”

“ओटावर बठसू.”

संध्याकाळच्या पॅसेंजरनं परतले. पुढे नाना, हातात लेकीची पिशवी, मागे मीना. अंगणात येताच तिनं झोक्याची दोरी ओढून पाहिली.

“सैल शे, नाना. नीट डेस्टिन करा.”

नाना गाठ आवळू लागले. आवळतच राहिले, कारण दोरी सोडली असती तर डोळे पुसावे लागले असते.