माणिकरावांचे सिलिंडर हेड

गाडी थांबल्यावर तीतून न उतरणारे गृहस्थ उमरग्यातील आमच्या गल्लीत एकच, माणिकराव. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे सद्गृहस्थ दारासमोर गाडी उभी करतात, इंजिन चालूच ठेवतात आणि डोळे मिटून स्वस्थ बसतात. कोणी बोलू गेले, तर तर्जनी ओठांवर ठेवतात. "इंजिनातल्या टर्बोला दम खाऊ द्या, शास्त्रीबुवा. पळत आलेल्या माणसाला तुमी लगेच निजवता का?"

एकदा जळकोटला सांत्वनासाठी आम्ही दोघे गेलो असता घरची मंडळी रडत गाडीपर्यंत आली. माणिकरावांनी काचेआडून बोट दाखवून त्यांनाही थांबवले. मंडळी खरोखरच रडायची थांबली. टर्बोची विश्रांती यथासांग पार पडल्यावर हे उतरले आणि म्हणाले, "हां, बोला. लई वाईट झालं."

ज्या इंजिनाची एवढी सेवा, त्याला पाणी मात्र बोअरचे. रेडिएटरसाठी हिरवे कूलंट मिळते. पण माणिकरावांच्या लेखी ते 'कंपनीचं कारस्थान'. सीटबेल्टची टिंगटिंग हेही कारस्थानच, आणि टूथपेस्टच्या नळीचे रुंद तोंड हा तर उघड दरोडा. "आमचं खानदान ह्या बोअरवर जगलं. इंजिनाला काय धाड भरलीय?" त्या पाण्याने गल्लीतील प्रत्येक पातेल्याला आतून पांढरे कवच चढले आहे, हा पुरावा त्यांनी कधीच ग्राह्य धरला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नळदुर्गच्या अलीकडे चढावर इंजिनाने वाफ सोडली. माणिकरावांनी तत्परतेने एका शेतातून गार पाण्याची कळशी आणली आणि त्या तापलेल्या इंजिनावर रिती केली. आयुष्यभर मी अभिषेक पाहत आलो आहे. इतका अनिष्ट फल देणारा अभिषेक दुसरा पाहिला नाही.

रशीद मिस्त्रींनी इंजिन उघडले. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा जड भाग. त्याला केसासारखी बारीक चीर गेली होती.

"हेडला बाल आलाय, काका. वेल्डिंग टिकायचं न्हाय. गाडी भंगारात द्या."

"भंगारात तुझं गॅरेज दे!"

पुण्याहून चिरंजीव अविनाश आला तो नवी गाडी घेऊनच. "बाबा, ही तुमच्यासाठी ठेवतो. जुनी न्यायला रविवारी भंगारवाला येतोय." माणिकरावांनी नव्या गाडीला प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली आणि निकाल दिला, "हिला आवाजच न्हाय. मेलेलं जनावर." अखेर बापलेकांत करार झाला: रविवारी जुनी गाडी सुरू झाली तर राहील, न झाल्यास जाईल.

तसले हेड आता कोणी घडवत नाही. माणिकराव सोलापुरात जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडले आणि दुसऱ्या गाडीचे हेड सतरंजीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने परतले. कंडक्टरने विचारले, "काका, लेकरू निजलंय व्हय?"

"हेड हाय. डायवरला सांगा, खड्डे चुकव म्हणावं."

मग ते मुहूर्तासाठी माझ्याकडे आले. पंचांगात विवाह, वास्तू, नांगरणी, औषधसेवन यांना शुभदिन आहेत. सिलिंडर हेडाविषयी मात्र शास्त्रकारांनी संपूर्ण मौन पाळले आहे. मी तसे सांगताच म्हणाले, "मग जावळाचा बघा. डोक्याचंच काम हाय."

गल्ली हसत होती, तशी चिडलीही होती. माणिकरावांच्या पत्नी सुमनवहिनी यांची स्मृती गेली काही वर्षे लोपत चालली आहे. गाडी बंद पडल्यापासून त्या रोज संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभ्या राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत, "मला घरी सोडा की हो." अविनाशने त्यांना नव्या गाडीत बसवू पाहिले, तेव्हा परके लोक पळवून नेतात म्हणून त्यांनी आकांत केला. आणि यजमान गॅरेजात! समोरच्या गंगूबाईंनी तर भर रस्त्यात सुनावले, "बायको दारात रडतीय, अन् ह्यो बाबा नट आवळाय बसलाय."

रविवारी हेड बसले. त्याचे बोल्ट मधल्यापासून कडेकडे, थोडेथोडे आवळीत न्यायचे असतात. माणिकराव खुर्ची टाकून ओरडत होते, "मधनं बाहेर! मधनं बाहेर!"

"काका, आधी तुमी बाहेर व्हा," रशीद म्हणाले.

त्यांनी रेडिएटरमध्ये हिरवे कूलंट ओतले. माणिकराव पाहत राहिले. कारस्थानाचा उच्चारही झाला नाही. किल्ली फिरली. इंजिन खोकले, काळा धूर ओकले आणि सुरू झाले. भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या हाती गेला.

आता हे गावभर मिरवणार, अशी माझी खात्री होती. कारण गाडी बंद पडण्यापूर्वीची त्यांची रोजची संध्याकाळची फेरी म्हणजे गाडी मिरवणे, असेच आम्ही सारे धरून चाललो होतो. माणिकरावांनी मला शेजारी बसवले आणि गाडी थेट घरासमोर आणली. वहिनी पिशवी घेऊन दारात उभ्याच होत्या. माणिकरावांनी उतरून गाडीचे मागचे दार उघडले.

"चला बाई, घरी सोडतो."

वहिनी निमूट बसल्या. हमरस्त्याने थोडे अंतर गेल्यावर माणिकराव हलक्या आवाजात मला म्हणाले, "दुसऱ्या गाडीत बसत न्हाय ती. लई दिस झालं, तिला घरी पोचवलंच न्हाय."

पुढे त्यांनी गाडी वळवली. त्याच रस्त्याने, त्याच गल्लीत, त्याच दारासमोर आणून उभी केली.

"उतरा बाई. आलं तुमचं घर."

वहिनींनी घराकडे पाहिले. त्यांचा चेहरा निवला. पायरी चढून त्यांनी पिशवी आत ठेवली, पदर सावरला आणि वळून म्हणाल्या, "डायवरदादा, लांबून आलासा. चहा घेऊन जावा."

"व्हय बाई, घेतो की," माणिकराव म्हणाले. मग त्यांनी चपला काढल्या आणि आपल्याच दारात, आत बोलावण्याची वाट पाहत, ते अदबीने उभे राहिले.